माझा डावा डोळा मिटंना

मी महादेवी. गाव आमचं देवणीच्या अलीकडं, यस्टी फाट्याला सोडती आन् फाट्यावरनं पायी, नाव लिहून काय करता, आमच्या गावाला कोन येतंय. घर लिंगायताचं, अप्पाची कोरडवाहू जमीन, दावनीला देवनी बैलाची जोडी, कपाळाला इभूत आन् गळ्यात लिंग. कर्नाटक हाकंच्या अंतरावर, म्हनून आईला अव्वा म्हनायचं, बापाला अप्पा, घरात भांडन कानडीत आन् लाड मराठीत. तुम्ही इचारलाव की बाई बंदुकीकडं कशी गेली, तर काय सांगू तुम्हाला ताई, सुरुवात बंदुकीची न्हाईच, सुरुवात खडीची हाय.

बहात्तरचा दुष्काळ. मी लहान, दुधाचे दात पडायलते. हिरीच्या तळाला उतरून वाटीवाटीनं घागर भरायची, अप्पा लिंगाची पूजा पळीभर पान्यात उरकायचे, आन् ती पळी बी मागून घेतल्यावानी घ्यायचे. सरकारनं रस्त्याचं काम काडलं, खडी फोडायची. आता बगा, आमच्या घरची बाई कदी दुसऱ्याच्या कामाला गेली न्हवती, अव्वा उंबऱ्याभायेर पडली की डोईवर पदर आन् संगट कुनीतरी पायजे. त्या अव्वाला रस्त्याच्या कडंला ढिगावर बसावं लागलं, समद्या गावादेखत, मुकादमासमोर, हातात हातोडी घेऊन. मी तिच्या बाजूला बसून बारके दगड फोडायची. खडी फोडायची एक रीत असती, हातोडी दगडावर आली की दोनी डोळे गच्च मिटायचे, न्हाईतर कपची उडून डोळा जातो, एका बाईचा तसा गेला बी आमच्यादेखत. अव्वा दिवसभर म्हनायची मिट, मिट, डोळे मिट गं. ते माझ्या हाडात बसलं.

आन् तिथंच दुसरी बी गोष्ट घडली. आदल्या साली उदगीरच्या जत्रंत तंबूतला सिनेमा बगितलता, त्यात ती बाई गानं म्हनता म्हनता एक डोळा बारीक करती, लोक शिट्ट्या मारतेत. मला वाटलं ह्ये लई हसवायचं काम हाय. तर एक दिस भाकरीच्या सुट्टीत, बाया सगळ्या तोंड वाळवून बसलेल्या, म्हनलं जरा हसवावं, आन् मी मुकादमाकडं बगून केला की डोळा बारीक. बाया खोखो हसल्या. मुकादम बी हसला, आन् तेच वाईट झालं. अव्वा ढिगावरनं उठली, आली, आन् आशी एक ठेवून दिली की माझी टोपरी उडाली. नाचिकी इल्ला, म्हनली, म्हंजी लाज न्हाई का तुला, बैलं गेली तर पुन्हा घेता येतील, इज्जत गेली तर काय ऱ्हायलं आपल्यापाशी? आन् तिथंच बसून पदरात तोंड घालून रडाया लागली. मी रडले ती माराला, अव्वा कशाला रडली ते मला लई सालानं कळलं. पर त्या दिसापासून माझा एकटा डोळा मिटायचाच बंद झाला. मिटले तर दोनी, न्हाईतर एक बी न्हाई. म्हनलं त्येच्यावाचून काय अडलंय?

आता मामाचं सांगते, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. शिवलिंग मामा, अव्वाचा धाकटा भाऊ. आमची आजी लौकर गेली म्हनून अव्वानंच तेला वाडवलं, मामा तिला अक्का म्हनायचा, आन् अक्कानं काही म्हनलं की मामाची मान खाली. उदगीरला तेचं कापडाचं बारकं दुकान. मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली ती मामानंच, आन् तो सिनेमा बी तेनंच दाखवला, ते अव्वाला अजून मालूम न्हाई. आमच्या भागात भाचीवर मामाचा हक्क असतो, तुमच्या पुन्याकडं आसं इचित्र वाटंल, पर आमच्याकडं मामा आन् भाचीचं लगीन म्हंजी घरचं दूध घरातच. मी मॅट्रिक झाले तवा अव्वा म्हनली महादेवी शिवलिंगाला द्यायची. अप्पा गप. मामा गप. मी तर काय, मला कुनी इचारलंच न्हाई.

तवर लातूर जिल्हा झाला. आधी आमचं सगळं उस्मानाबादला, एका कागदासाठी दोन दिस जायचे, आन् साहेब गावाला गेला म्हनून मोकळं परत. लातूरला हापीसं आली, नवीन पाट्या लागल्या, रंग वला आसलेल्या भिंती, आन् लोक निस्ते बगायला जायचे, जिल्हा कसा असतोय म्हनून. मामा दुकानाचा माल आनायला लातूरला जायचा. एक दिस येऊन मला गुरांच्या गोठ्याकडं बोलावलं आन् म्हनला, महादेवी, केंद्राच्या राखीव पोलिसात बायांची बंदूकवाली बटालियन निघायलीय, पहिलीच, लातूरच्या मैदानावर भरती हाय, उंची तुझी बसती, मॅट्रिक तू हाईस, बग. मी म्हनलं मामा, बाया बंदूक धरतेत? तो म्हनला, धरतेत का न्हाई ते तू जाऊन बगून ये. जिल्हा जवळ आला म्हनून ती खबर आमच्या गोठ्यापतूर आली, उस्मानाबाद आसतं तर कुनाच्या कानावर बी आली नसती.

अव्वाला आमी सांगितलं लग्नाचं कापड घ्यायला जायलाव. मामानं ते तोंड वर न करता सांगितलं. मैदानावर पोरी व्हत्या, कुनी लुगड्यात, कुनी झग्यात, मी परकर खोचून पळाले. अनवानी. खडीच्या कामावर पाय आसे झालते की मैदान मऊ लागलं. मी निवडले गेले, आन् मामानं खरंच येताना अव्वासाठी एक इरकल घेतलं, म्हनला, कापड घ्यायला गेलतो ना, मोकळ्या हातानं कसं जावं.

घरात मंग जे झालं ते इचारू नका. अव्वानं चूल पेटवली न्हाई. बाई मानूस फौजेत, कुठल्या कुठं, गड्यांमधी, म्हनली, खडी फोडली ते दुष्काळ व्हता म्हनून, आता काय दुष्काळ हाय? आन् गंमत बगा, तवा बी पानी न्हवतंच, दोन साल पाऊस हुलकावनी द्यायलता. शेवटाला अप्पा बोलले, माझा अप्पा जिंदगीत थोडंच बोलला. म्हनला, जाऊ दे. पर तिकडनं परत लावून दिलं तर पुन्हा तोंड उघडायचं न्हाई, त्याच उन्हाळ्यात शिवलिंगासंगट लगीन. अव्वा म्हनली लिंगाची शपथ घे. मी गळ्यातल्या लिंगाला हात लावला आन् घेतली शपथ. आमच्यात ही शपथ मोडत न्हाईत ताई.

ट्रेनिंग सेंटर उत्तरेला, लई लांब. केरळच्या पोरी, हरियानाच्या, बंगालच्या, कुनाचं कुनाला कळंना, निस्ती हातवाऱ्यावर दोस्ती. माझ्या शेजारच्या खाटंवर बिमला, हरियानाची, हाडापेरानं थोराड, हसली की खाट हालायची. गळ्यात काही घालायचं न्हाई म्हनले तवा मी हटून बसले, लिंग काडनार न्हाई. मंग आमच्या स्वामींनी एकदा सांगितलेलं ध्यानात आलं, लिंग दंडाला बी बांधता येतं, छातीच्या खाली येऊ द्यायचं न्हाई फक्त. दंडाला कापडात बांधलं, वर वर्दीची बाही. कवायत, दोरावर चढनं, चिखलात रांगनं, ते सगळं मला जमलं, पानी आनून आनून दम लांबलेला व्हता. अडलं ते फायरिंगला.

उस्ताद आमचे डोंगरातले, पांढऱ्या मिश्या, आवाज आसा की पाखरं उडावी. पालथं झोपायचं, रायफलीचा दस्ता खांद्याला लावायचा, बाईं आँख बंद, दाईं आँख से शिस्त लो, म्हंजी डावा डोळा मिटा आन् उजव्यानं नेम धरा. मी झोपले, आन् उस्ताद माझ्या तोंडापाशी वाकून बसले बगायला. आता सांगा, परक्या गड्याचं तोंड वीतभर अंतरावर, आन् मी तेच्यासमोर एक डोळा मिटायचा? माझे कान तापले. मी मिटले, तर दोनी मिटले. उघडले, तर दोनी उघडले. उस्ताद म्हनले एक, एक! मी बोटानं पापनी दाबून धरली. तर म्हनले, बेटी, ट्रिगर क्या नाक से दबाओगी?

पहिल्या दिशी तेंनी दस्ती, रुमाल म्हना, बांधायला दिली डाव्या डोळ्यावर, आन् गोळ्या माझ्या बरोबर मधी. उस्ताद खूश, निशाना अच्छा है. पर परीक्षेला दस्ती चालत न्हाई, लडाईत दुश्मन काय म्हननार हाय का, बांध बाई दस्ती, मी थांबतो? दस्ती सोडली की माझं आसं व्हायचं, नेम धरायचा दोनी डोळे उघडे ठेवून, एकाचे दोन दिसायलेत, आन् घोडा दाबायच्या टायमाला धाड आवाज व्हनार म्हनलं की दोनी डोळे गच्च. ती हातोडी व्हती ताई. बंदूक हातात आन् अंगात खडी. पहिल्या परीक्षेला माझी एक बी गोळी माझ्या टारगेटावर न्हाई, आन् बिमलाच्या टारगेटावर तिनं मारल्या तेच्यापरीस जास्त भोकं. बिमलाला शाबासकी, मला मैदानाला चक्कर, रायफल डोक्यावर धरून.

दुसऱ्यांदा बी नापास. तिसऱ्यांदा नापास झालं की घरचं तिकीट, आसा तिथला कायदा. बिमला म्हनली, इसमें क्या है, मार आँख. जेवनाचं ताट घासून आरशासारखं केलं तिनं, माझ्यासमोर धरलं. मी ताटात बगून प्रयत्न करायची, तोंड वाकडं व्हायचं, गाल वर जायचा, कान हालायचा, पर डोळा मिटायचा न्हाई. सगळी बराक कामाला लागली. केरळची पोरगी मला डोळा मारती, बंगालची तिला, समद्या हसून हसून लोळायल्या, आन् मी मधी बसून रडायली. कारन ताटात मला माझं तोंड दिसायचंच न्हाई, अव्वाचा हात दिसायचा. एवढं घर सोडून आले, दोर चढले, खाईवरनं उडी मारली, आन् एका पापनीपायी परत जाऊन मामाच्या गळ्यात माळ घालायची? मला रागाचं रडू यायचं.

मामाला मी कार्ड टाकलं व्हतं, दोनदा नापास झाले म्हनून. ते कार्ड अव्वाच्या कानावर गेलं. आन् तिसरी परीक्षा तोंडावर आली तवा गेटवरनं निरोप आला, महादेवी, तुझा मानूस आलाय. मी पळत गेले तर मामा! धोतर मळलेलं, गाडीत जागा न मिळता उभ्यानं आलेला, हातात कडक भाकरी आन् शेंगाच्या चटनीचं गठुडं. अव्वाला सांगून आलता की सोलापूरला माल आनायला चाललोय. गेटाशी एक जाळीचं बाकडं व्हतं, तिथं बसलो, संतरी चार हातावर उभा.

मामानं गठुड्याची गाठ सोडली. मंग म्हनला, अक्कानं चैतात तारीख धरली. तू येनारच म्हनती. मी म्हनलं, आन् तुमी काय म्हनता मामा? आज पतूर तेला कुनी इचारलंच न्हवतं की हो. मी एकटीच समजायले की मला कुनी इचारलं न्हाई! मामाच्या डोळ्यात पानी आलं. म्हनला, महादेवी, तुला मी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली, तुझा शेंबूड पुसला, त्याच पोरीच्या गळ्यात मी मंगळसूत्र कसं बांधू गं? पर अक्कानं मला आईसारखं वाडवलं, तिच्या तोंडावर मला न्हाई म्हनता येत न्हाई. म्हनून तर तुला भरतीला नेलं. तू सुटलीस तर मी बी सुटलो.

काय सांगू तुम्हाला, मला एकदम हसू फुटलं. दोघाची जिंदगी, आन् अडलीय कशाला, तर माझ्या डाव्या पापनीला. मामा म्हनला हसायलीस काय. मी तेला सगळं सांगितलं, ताट, बिमला, दस्ती. मामा म्हनला, आगं येवढंच? आन् तेनं, माझ्या त्या गरीब मामानं, अव्वापुढं मान वर न करनाऱ्या मानसानं, मला डोळा मारला! जत्रंतल्या सिनेमातल्यावानी! म्हनला, आता तू कर, मी हाय, दुसरं कोन बगायलंय? मी मामाकडं बगितलं, म्हनलं ह्याच्याफुडं कसली लाज, ह्यानं तर माझी दुपटी धुतली. आन् मिटला, ताई. डावा मिटला, उजवा उघडा. पुन्हा केला. पुन्हा मिटला. मामा टाळ्या वाजवायला लागला. तिकडं संतरी खोकलून तोंड फिरवून उभा ऱ्हायला, तेला काय वाटलं आसंल देव जाने, कारन बाईचं ज्याच्यासंगट लगीन ठरलंय त्यालाच ती डोळा मारायलीय, आन् कशाला, तर ते लगीन मोडायला!

परीक्षेच्या दिशी मी झोपले, उस्ताद वाकून बसले. मनात म्हनलं, ह्यो बी कुनाचा तरी मामाच आसंल. डोळा मिटला. हातोडीची तेवढी भीती ऱ्हायलती, धाड व्हायच्या आधी अव्वा म्हनाया लागली मिट, मिट, तर मी मनातल्या मनात म्हनलं, अव्वा, एक मिटलाय गं, आता दुसरा ऱ्हाऊ दे. गोळ्या मधी गेल्या. उस्तादांनी मिशीत हसून निस्ती मान हालवली, आन् बिमलानं मला उचलून गरागरा फिरवली.

मंग नोकरी झाली, लांबलांबची. दंगलीत उभी ऱ्हायले, डोंगरातल्या रस्त्यावर गाड्यांच्या ताफ्यासंगट गेले. लोकाला वाटतं बायाला मागं ठेवत आसतील, स्वयपाकाला. एकदा भर दुपारी वळनावर आमच्या गाडीवर गोळीबार झाला, पुढच्या गाडीचा डायवर पडला रस्त्यात, गडी मानूस, जिता व्हता, हाका मारायलता. बिमला म्हनली मैं लाती हूँ, तू देख. ती रांगत गेली आन् मी नालीत पडून तिच्या डोक्यावरनं गोळ्या घालायली, वरच्या झाडीत. डोळा कवा मिटला ते कळलं बी न्हाई. तेला तिनं वढत आनला, तो वाचला, पुढं लेकराच्या बारशाला तेनं आमा दोघीला बोलावलं. पोरी मला इचारतेत, मॅडम, किती मारले? मी म्हनते, मला म्हाईत न्हाई, आन् देवानं ते दाखवलं न्हाई तेचे उपकार. डायवर वाचला तेवढं मी मोजते. भीती वाटली का म्हनता, वाटली की, पर ते सगळं झाल्यावर, आधी न्हाई.

अव्वा माझ्याशी वर्षभर बोलली न्हाई. मामानं पुढं निलंग्याकडली पोरगी केली, शारदा, लई गुनाची, तिनं अव्वाला जिंकलं. मी पहिल्या सुट्टीला घरी आले तवा अव्वानं ताट वाडलं आन् भाकरीवर लोन्याचा गोळा ठेवला. लगीन मी माझ्या मर्जीनं केलं, उशीरा, आमचे मालक अहमदपूरला शाळंवर मास्तर व्हते, म्हनून रिटायर झाल्यावर मी बी इथंच आले. सकाळी मैदानावर पोरी येतेत, खेड्यापाड्याच्या, भरतीची तयारी करतेत, पळवते, रांगवते. आता तर खुद्द फौजेत पोरी शिपाई म्हनून घ्यायलेत. मैदानाला कुंपन न्हाई, दोन साल झालं मागायलाव, पर पोरी थांबत न्हाईत त्येच्यासाठी.

त्या पोरीत मामाची नात बी व्हती, गौरी. मामाच्या थोरल्या लेकाची लेक. नाजूक दिसायची, मी म्हनलं ही काय टिकनार, पर टिकली, आन् निवडली गेली, फौजेत. गेल्या आठवड्यात तिला घालवायला समदे लातूरच्या ठेसनावर गेलाव. मामा आता म्हातारा, काठी टेकून, रडून रडून दस्ती वली केलेली. अव्वा ऐंशीच्या घरात, ऐकू कमी येतं, पर घरी थांबली न्हाई, मला नेलंच पायजे म्हनली. गौरी तिच्या पाया पडली. अव्वानं पिशवीतनं इभूत काडली, तिच्या कपाळाला लावली, तिचं तोंड दोनी हातात धरून लई येळ बगत ऱ्हायली. मंग माझ्याकडं वळून म्हनली, महादेवी, तवा तू माझं ऐकली आसतीस तर ही पोर कुठनं आली आसती गं?

इतक्या सालात अव्वा त्या इषयावर पहिल्यांदा बोलली. मी गौरीची बॅग उचलली ताई, मामा तिकडं तोंड करून उभा. मंग गाडी आली, गर्दी झाली, पोरगी डब्यात चढली, जागा मिळाली का, पान्याची बाटली घेतली का, आमी सगळे एकदमच वरडायलो. देवा शिवा, तिला सुखी ठेव, आन् तिच्यासंगटच्या समद्या पोरीला बी. गाडी गेल्यावर अव्वा म्हनली चला, भूक लागली, आन् आमी घरला आलाव.